सात बेटं आणि ओहोटीची वाट

जालना जिल्ह्यातल्या केदारखेड्याच्या पूर्णा नदीचा नकाशा काढायचा झाला तर तो कोणत्या महिन्यात काढायचा? भादव्यात काढला तर दोन काठांमध्ये गढूळ पाण्याचा रुंद पट्टा दिसेल आणि परक्या माणसाला वाटेल की इकडच्या आणि तिकडच्या गावांचा एकमेकांशी संबंध नसावा. वैशाखात काढला तर वाळू, चार डोह आणि मधून गेलेली बैलगाडीची चाकोरी. दोन्ही नकाशे खरे. पण त्यांतला एकच भिंतीवर टांगला आणि त्याखाली ‘मूळची पूर्णा’ असं लिहिलं, की तो खोटं बोलू लागतो. पूर्णा वर्षातून एकदा रूप पालटते. मुंबईचा किनारा दिवसातून दोनदा पालटतो, आणि उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांच्याही वर जातो. तरीही त्या शहराच्या ‘मूळ’ रूपाचा एकच नकाशा आपण पाठ केला आहे: निळ्या समुद्रात सुटी पडलेली सात बेटं. कुलाबा, अल्पकुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम.

या नकाशाबरोबर एक गोष्टही येते. पोर्तुगीजांनी ही सात बेटं इंग्रजांच्या राजाला आंदण दिली, कंपनीच्या कर्तबगार गव्हर्नरांनी समुद्र हटवून ती सांधली, आणि त्या भरावावर एक महानगर उभं राहिलं. स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत ही गोष्ट आहे, पर्यटकांच्या पुस्तिकांत आहे, मुंबईवरच्या जवळजवळ प्रत्येक लेखाच्या पहिल्या परिच्छेदात आहे. माझं म्हणणं असं की ही गोष्ट ज्या नकाशावर उभी आहे तो पुरावा नसून अनुमान आहे; ते अनुमान बहुतेक बेटं ‘सांधली’ गेल्यानंतर बऱ्याच काळाने मांडलं गेलं; आणि त्याला पुरावा मानल्यामुळे शहर कशामुळे वाढलं याचं उत्तर आपण सतत चुकीच्या जागी शोधत आलो आहोत.

सुरुवात आंदणाच्या कागदापासूनच करू. 1661 च्या विवाहकरारात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळालं ते मुंबईचं बंदर आणि मुंबईचं बेट. बेट, एकवचनी. सात तर नाहीच, दोनही नाही. ताबा देण्याची वेळ आली तेव्हा मात्र वाद पेटला आणि तो नेमका याच मुद्द्यावर होता. पोर्तुगीजांचं म्हणणं, आम्ही फक्त मुंबई दिली, माहीम वेगळं आहे. 1665 च्या फेब्रुवारीत ताबा घेणाऱ्या हम्फ्री कुकने हे मानलं नाही. त्याचा युक्तिवाद साधा होता: ओहोटीला मुंबईतून माहीमला चालत जाता येतं, तेव्हा हे वेगळं बेट कसलं? आणि त्याने माहीमसह शीव, धारावी, वडाळा ताब्यात घेतले. म्हणजे जमीन मागायची होती तेव्हा इंग्रजांनी ओहोटीचा नकाशा पुढे केला, आणि जमीन देण्याचं टाळायचं होतं तेव्हा पोर्तुगीजांनी भरतीचा. पुढे समुद्र हटवल्याचं श्रेय घ्यायची वेळ आली तेव्हा साहेबांच्या इतिहासालाही भरतीचाच नकाशा सोयीचा वाटला. बेटांची संख्या पाण्यापेक्षा गरजेवर अधिक अवलंबून होती, असं म्हटलं तर फार वावगं होणार नाही.

1670 च्या दशकात कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर मुंबईत आला. 1698 साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात मुंबईच्या मधोमध समुद्राने बुडवलेल्या जमिनीचं वर्णन आहे आणि तिचा आकडा दिला आहे चाळीस हजार एकर. हा आकडा नंतर पुष्कळांनी उचलला, फारच थोड्यांनी तो तपासला. इंग्रज सरकारचं मुंबईचं गॅझेटियर निघालं त्या काळात, म्हणजे बराचसा भराव झाल्यावर, मुंबई शहराचं सगळं क्षेत्रफळ होतं सुमारे 22 चौरस मैल, म्हणजे चौदा हजार एकरांच्या आसपास. बुडालेली जमीन संपूर्ण बेटाच्या जवळजवळ तिप्पट असायला बेट रबराचं हवं. फ्रायर खोटं बोलत होता असं नाही. कंपनीच्या माणसांना त्या चिखलात पीक आणि महसूल दिसत होता, आणि लोभाच्या डोळ्यांना एकर नेहमीच जास्त दिसतात. पण त्याच जागी फ्रायर आणखी एक गोष्ट नोंदवतो, आणि ती मात्र क्वचितच कोणी उद्धृत करतं. परळपासून माहीमपर्यंत एका दगडी बांधाचे भग्न अवशेष त्याने नोंदले आहेत, आणि तो बांध प्रायश्चित्ताच्या श्रमांतून झाला होता असं तो सांगतो. म्हणजे इंग्रजांचा अंमल नुकता सुरू झाला होता तेव्हा या ‘सुट्या बेटां’च्या मध्ये एक सांधकाम बांधून, वापरून, मोडूनही झालं होतं.

मग सात बेटांचा नकाशा आला कुठून? एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट मर्फी नावाच्या गृहस्थांनी बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटीसाठी एक निबंध लिहिला. मुंबईतल्या जुन्या जातीजमातींचा इतिहास हा त्याचा विषय. चौदाव्या शतकात मुंबई दोन किंवा अधिक वेगळ्या बेटांची असावी, हे मानण्याची कारणं त्यात दिली आहेत, आणि हे सगळं निबंधाच्या लांबलचक शीर्षकातच आहे. ‘दोन किंवा अधिक’, ‘मानण्याची कारणं’, ‘चौदावं शतक’: तिन्ही ठिकाणी लेखकाने हात राखला आहे. सखल भाग, स्थळनामं, लोकांत चालत आलेल्या कथा यांवरून त्याने अंदाज बांधला, आणि अंदाज म्हणून तो चांगला होता. विद्वानाने अनुमान करणं यात दोष नाही. दोष नंतरच्यांचा. ‘दोन किंवा अधिक’चे नेमके सात झाले, ‘चौदाव्या शतका’च्या जागी 1661 आलं, आणि ‘असावी’ची ‘होती’ झाली. मर्फीच्या आधीच्या प्रत्यक्ष मोजणीशी, उदाहरणार्थ 1812 ते 1816 च्या दरम्यान कॅप्टन डिकिन्सनने केलेल्या मोजणीशी, या चित्राची गल्लत करता कामा नये. डिकिन्सनने समोरचं मोजून काढलं, मर्फीने नसलेलं कल्पून. दोन्ही कागदांना आपण ‘जुना नकाशा’ म्हणतो आणि एकाच रांगेत टांगतो.

इथे टॉलेमीचा हवाला हमखास येतो. त्याने दुसऱ्या शतकातच या किनाऱ्यावर ‘हेप्टानेशिया’, म्हणजे सात बेटांचा समूह, नोंदवला आहे ना? नोंदवला आहे. पण तो समूह म्हणजे मुंबई असं टॉलेमी कुठेही म्हणत नाही. ती ओळख आधुनिक अभ्यासकांनी लावली आणि तीही सर्वमान्य नाही. कोकणचा किनारा बेटांनी आणि खडकांनी भरलेला आहे; सात मोजायचे तर अनेक ठिकाणी मोजता येतील. गंमत अशी की हेप्टानेशिया म्हणजे मुंबई कशावरून, तर मुंबई सात बेटांची होती म्हणून. आणि मुंबई सात बेटांची होती कशावरून, तर टॉलेमी हेप्टानेशिया म्हणतो म्हणून. याला पुरावा म्हणत नाहीत, रहाटगाडगं म्हणतात.

कागद बाजूला ठेवून शब्दांकडे वळलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. पायधुनी हे नाव घ्या. परंपरेने त्याचा अर्थ सांगतात तो असा की इथे खाडीचं पाणी येई आणि पलीकडून येणाऱ्याचे पाय धुतले जात. होडीने ओलांडायच्या पाण्याला कोणी पायधुनी म्हणत नाही. जिथे घोट्याएवढ्या पाण्यातून माणसं रोज येतात-जातात तिथेच असं नाव पडतं. उमरखाडीत खाडी आहे, समुद्र नाही. आणि शीव? शीव म्हणजे गावाची हद्द. केदारखेड्यातल्या शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, कारण शिवेवरून त्याचे वाद आजही चालतात. मुंबईची शीव कुठे मानली गेली, तर उत्तरेकडच्या साष्टी बेटाच्या तोंडाशी, जिथे खरी खाडी आडवी येते. परळ आणि माझगाव यांच्यामध्ये नाही, वरळी आणि माहीम यांच्यामध्येही नाही. सायन हा त्या शिवेचा परक्या जिभेवर झालेला अपभ्रंश. या वस्त्यांमधल्या दलदलीला आगरी-कोळी, भंडारी, कुणबी यांच्याकडे शब्दही होते: खाजण, खारवट, मिठागर, आगर. खाजण म्हणजे जमीन नव्हे आणि समुद्रही नव्हे. भरतीला तिथे मासा येतो, उन्हाळ्यात मीठ पिकतं, बांध घातला आणि दोन-चार पावसाळ्यांनी क्षार धुऊन काढले की भात येतो. नाममात्र खंडावर अशी जमीन कसायला देण्याची रीत ‘फोरास’ या पोर्तुगीज शब्दाने ओळखली जाई. फोरास रोड या नावात ती अजून शिल्लक आहे. सात बेटांच्या नकाशाने या सगळ्या जागेला सरसकट निळा रंग दिला. निळा रंग म्हणजे इथे कोणी नव्हतं. मग पुढे तिथे जे काही झालं ते शून्यातून झालं, असं म्हणायला मोकळीक मिळाली.

या मोकळिकीचा सर्वात प्रसिद्ध लाभार्थी विल्यम हॉर्नबी. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधलं मोठं खिंडार त्याने बांध घालून बुजवलं, लंडनच्या संचालकांचा नकार खिशात ठेवून काम रेटलं, आणि म्हणून हॉर्नबी वेलार्ड, ही कहाणी मोठी नाट्यमय आहे. हॉर्नबी गव्हर्नर होता 1771 ते 1784. पण 1750 मध्ये मुंबईत आलेला जॉन हेन्री ग्रोस त्या खिंडारावरच्या पाव मैलाहून लांब बांधाचं वर्णन करतो आणि त्याच्या रचनेतला दोषही दाखवतो. हॉर्नबी गव्हर्नर होण्याच्या वीस वर्षं आधी जो बांध लोक पाहून त्यावर टीका करत होते, तो हॉर्नबीने ‘घातला’ कसा? त्याने डागडुजी केली असेल, उंची वाढवली असेल. त्याचं तेवढं श्रेय त्याला द्यावं. ‘वेलार्ड’ हा शब्दच मुळात पोर्तुगीज ‘व्हालाडो’चा, म्हणजे बांध-कुंपणाचा, अपभ्रंश आहे, हेही ध्यानात घ्यावं. लोकांनी मात्र आपली आठवण वेगळ्या तऱ्हेने जपली. बांध पुन्हा पुन्हा खचत होता, तेव्हा काम करणाऱ्या पाठारे प्रभू माणसाच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती वर काढल्या आणि मग बांध टिकला, अशी महालक्ष्मीची कथा आहे. ही दंतकथाच. पण हॉर्नबीच्या खिशातल्या पत्राची कथा तरी तिच्याहून फार वेगळी आहे का? एकीत निदान दगड रचणाऱ्या बाजूच्या कोणाला तरी जागा आहे.

आता आक्षेप. पहिला, आणि तो खराखुरा आहे: नकाशा मर्फीचा असेना, पाणी होतंच ना? होतं. शीवचा बांध जोनाथन डंकनच्या काळात, 1803 साली पुरा झाला, कुलाब्याचा 1838 मध्ये, माहीमचा 1845 मध्ये अवाबाई जमशेटजी जीजीभाय यांच्या देणगीतून. यांतलं एकही काम उगाच झालं नव्हतं. कुलाबा हे तर भरतीला खरोखर तुटणारं बेट होतं. मी पाणी नाकारत नाही. पाण्याचं एकच रूप हे कायमचं रूप होतं, हे नाकारतो. दर पावसाळ्यात हिंदमाता चौक तुंबला की ‘जुनी बेटं पुन्हा वर आली’ असं लिहिलं जातं. सखल खाजणात पाणी साचणार हे बरोबर. पण 26 जुलै 2005 ला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तो सांताक्रूझला, आणि सर्वात भीषण हानी झाली ती मिठी नदीच्या काठाने. त्यातला बहुतेक भाग साष्टीत येतो, सात बेटांच्या नकाशाच्या चौकटीबाहेर. पुराचं कारण शोधायला हा नकाशा उघडणारा माणूस चुकीचं पान उघडतो. खाजणं, मिठागरं, तिवरं आणि नदीची पात्रं दाखवणारा नकाशा त्याला हवा.

दुसरा आक्षेप अधिक जोरकस: भराव नसता तर महानगर झालंच नसतं. जागेवाचून शहर वाढत नाही हे उघड आहे, पण जागेमुळे शहर वाढतं हे त्यातून निघत नाही. आकडे पाहा. 1864 च्या गणनेत मुंबईची लोकसंख्या होती 8,16,562. 1872 मध्ये ती 6,44,405 वर आली. या आठ वर्षांत समुद्राने जमीन परत घेतली नव्हती. उलट भरावाची कामं चालू होती. तरी पावणेदोन लाख माणसं कमी भरली. कारण अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 मध्ये संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि त्या भावावर फुगलेला सट्टा फुटला. त्या सट्ट्यात सर्वांत वर उडालेला कागद कोणता, तर बॅक बे भरणीच्या कंपनीचा. पाच हजारांचा शेअर दसपटीने विकला जात होता आणि मग कवडीमोल झाला. हीच बॅक बे 1920 च्या दशकात सरकारने पुन्हा भरायला घेतली. ठरलेल्या आठ तुकड्यांपैकी चारच भरून निघाले आणि गव्हर्नर लॉइड यांच्या नावाने ती योजना फसगत म्हणून गाजली. तिच्यावर तुटून पडलेले खुर्शेद नरीमन यांचंच नाव पुढे बॅक बेच्याच भरावावरच्या एका महागड्या टोकाला मिळालं. इतिहासालाही विनोदबुद्धी असते. मुद्दा हा की शहर वाढलं ते कापूस, गिरण्या, गोदी आणि रेल्वे यांनी. थळ आणि भोर घाट 1860 च्या दशकात आगगाडीने ओलांडले तेव्हा. जमीन त्या वाढीमागून धावली, कधी वेळेवर, कधी उशिरा, कधी नुसतीच दलालांच्या वहीत. आणि आज? 2011 च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे 31 लाख माणसं होती आणि उपनगर जिल्ह्यात सुमारे 94 लाख. महापालिकेची हद्द 1950 आणि 1957 मध्ये साष्टीवर पसरली. म्हणजे चारांतले तीन मुंबईकर राहतात ते ‘मूळच्या मुंबई’च्या नकाशात जिचं नावही नसतं त्या जमिनीवर.

तिसरा आक्षेप आमच्या बाजूने येतो: जालना जिल्ह्यातल्या माणसाला मुंबईच्या बेटांची उठाठेव कशाला? उठाठेव नाही, हिशेब आहे. बेटांच्या नकाशाला चारी बाजूंनी समुद्राची चौकट आहे, आणि ती चौकट असं सुचवते की शहर आपल्याच पोटातून वाढलं. कामाठीपुरा हे नाव ती चौकट मोडतं. तो भाग बांध झाल्यावर कोरडी झालेली सखल जमीन. तिथे वसले ते निजामाच्या मुलखातून आलेले कामाठी मजूर, बहुतेक तेलुगू बोलणारे. केदारखेडाही तेव्हा त्याच मुलखात होतं. दगड, माती, पाट्या, घाम यांचा हिशेब कोणत्याच नकाशावर लिहिला जात नाही, पण वस्तीच्या नावात कधी कधी राहून जातो. नकाशा अपुरा असेल तर वस्ती वाचावी, हे आमच्या परिसराला नवीनही नाही. 23 सप्टेंबर 1803 ला असईच्या लढाईच्या दिवशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली केळना नदीच्या काठी अडला होता. पुढे उतार नाही असं वाटाडे सांगत होते. त्याने समोरासमोरच्या काठांवर पिंपळगाव आणि वरूड अशी दोन गावं पाहिली आणि ताडलं की इतक्या जवळ, नदीच्या दोन बाजूंना गावं वसली आहेत तर मधून वाट असणारच. वाट होती. लढाईचा निकाल त्या वाटेने लागला, आणि मराठी मनाला तो आजही सलतो; पण तर्क बिनतोड होता. परळ आणि माहीम, मुंबई आणि माझगाव अशा समोरासमोरच्या वस्त्या पाहून आपण नेमकं उलटं अनुमान करतो, की मध्ये वाट नव्हती.

भोकरदनचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन; त्याचा त्या काळचा एकही नकाशा नाही. पण सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांनी आपण भोगवर्धनचे असं दगडात कोरवून घेतलं, आणि 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी केलेल्या उत्खननाने त्या नगराचं वैभव जमिनीखालून वर काढलं. शहर किती दूरवर पोहोचलं होतं हे त्याच्या हद्दीच्या रेषेने कळलं नाही. त्याची माणसं कुठे जाऊन आपलं नाव सांगत होती, त्यावरून कळलं. मुंबईसाठीही असे पुरावे आहेत. गोविंद नारायण माडगावकरांचं 1863 मधलं ‘मुंबईचे वर्णन’ आहे, राजवाड्यांनी संपादिलेली महिकावतीची बखर आहे, 1865 ते 1872 च्या दरम्यान लॉटनने केलेली घर-गल्लीनिशी मोजणी आहे. बखरीतला माहीम कोणता, मुंबईचा की केळव्याचा, यावर वाद आहेत आणि ते असू देत. वाद असलेला पुरावा हा वाद नसलेल्या चित्रापेक्षा बरा.

उरला शेवटचा आक्षेप, मास्तरांचा: पोरांना सोपं करून सांगावं लागतं. सोपं जरूर करावं, पण सोपं करताना कोणाच्या बाजूने करतो हे पाहावं. या सोप्या चित्राची किंमत आजही कोणीतरी मोजतं. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी पुन्हा समुद्रात भराव पडला तेव्हा ‘हे शहर समुद्र हटवूनच तर उभं राहिलं’ हा युक्तिवाद आपसूक हाताशी होता. वरळीच्या कोळ्यांनी मात्र वेगळाच नकाशा पुढे ठेवला, होड्यांच्या वाटेचा. पुलाच्या दोन खांबांत ठरवलेलं 60 मीटरचं अंतर त्या पाण्यात होडीला पुरणार नाही, असं ते वर्षानुवर्षं सांगत राहिले. तज्ज्ञांच्या आराखड्यात ती वाट निळ्या रंगात बुडालेली होती. अखेर एक खांब गाळून अंतर 120 मीटर करावं लागलं.

तेव्हा मागणी अगदी लहान आहे. सात बेटांचं चित्र फाडू नये. त्याच्या खालची ओळ बदलावी. ‘1661 ची मुंबई’ पुसून ‘एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांचा अंदाज, भरतीच्या वेळचा’ असं लिहावं. आणि रंगाच्या डब्यातून निळ्या-हिरव्याखेरीज तिसरा एक रंग काढावा, खाजणाचा. दिवसातून दोनदा पाणी आणि दोनदा वाट असणाऱ्या जागेसाठी.